भरल्या तलावाच्या पाळीवर

मी रागावून निघाले आणि रागावूनच परत आले. मधल्या सतरा-अठरा दिवसांत राग फक्त माणसं बदलत राहिला. शेवटी तो कोणावर येऊन थांबला ते ओघात सांगेन. आधीच सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही.

मी पुण्यात मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते, आणि एका मासिकात ऋतू आणि माणसाचं वागणं यांवर दरमहा चार पानं लिहिते. उकाड्यात भांडणं का वाढतात, पावसाळ्यात भूक का मंदावते, असले विषय. वाचकांना आवडतात, कारण त्यात आपल्या सासूचा स्वभाव सापडतो. एका अंकात मी लिहून गेले, की भाताच्या दमट मुलुखात पाऊस ओसरला की माणसं सुस्तावतात. लावणी ते कापणी हातांना काम नसतं आणि हवेमुळे अंगही उचलत नाही. महिन्याभरात गोंदियाकडच्या एका खेड्यातून कार्ड आलं. लिहिणारे तिथल्या शाळेतले तुळशीराम गुरुजी. मजकूर इतकाच: ‘आपण हे कोठे पाहिले? एकदा येऊन पाहावे. राहण्याची सोय होईल.’

मला असा राग आला म्हणून सांगू! कारण मी ते कुठेच पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी दसऱ्याला जोडून रजा टाकली, उष्णतामापक आणि कोरी वही पिशवीत घातली, आणि गुरुजींना दाखवून देते म्हणत निघाले.

गोंदिया

गोंदियाला उतरले तेव्हा वाटलं, चुकून दुसऱ्या प्रांतात आले. टांगेवाला हिंदी, चहावाला हिंदी, मी मराठीत विचारलं तर उत्तर हिंदीत. दारोदार बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या, आणि गिरण्यांच्या कोंड्याचा वास सगळ्या गावाला लागलेला. दसरा होऊन दोन दिवस झाले होते, आणि ऊन असं की छत्रीची काडी हाताला पोळावी. मी वहीत पहिली नोंद केली: ‘आश्विनातला उकाडा. टांगेवाल्यांत भांडण, एक.’ ते भांडण माझ्याच टांग्यावरून चाललं होतं हे मात्र लिहिलं नाही.

तिरोड्याहून पुढे बोदलकशाच्या वाटेनं बैलगाडी. गुरुजी न्यायला आले होते. तीस-बत्तीसचा किडकिडीत माणूस, जनपद सभेच्या शाळेत एकटा मास्तर. मी तावातावानं तयार केलेली चार वाक्यं त्यांच्यासमोर बोलताच येईनात, कारण ते माझ्या पिशव्या स्वतः उचलून गाडीत ठेवत होते. दोन्ही बाजूंना धान गुडघ्याच्या वर, हिरवंगार. इथे भाताच्या खाचराला बांधी म्हणतात. एका बांधीत सारसाची जोडी आपलं पिल्लू घेऊन डौलात फिरत होती आणि शेजारीच एक बाई तण काढत होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, ते तिच्याकडे बघत नव्हते. पुण्यात एका वाड्यात राहणाऱ्या दोन बिऱ्हाडांना इतकं जमत नाही.

ती तण काढणारी बाई म्हणजे गुरुजींची थोरली बहीण सखूबाई. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. चार बांध्या, एक म्हैस, आणि एक वेगळं घर. माझी सोय तिच्याकडे होती.

पहिले तीन दिवस

सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. दुसऱ्या दिवशी पोळीच्या आठवणीनं मला रडू यायचं बाकी राहिलं. सोबत लाखोळीचं वरण, अंबाडीची भाजी आणि तलावातले झिंगे. झिंगे मी खात नाही म्हटल्यावर सखूबाईनं विचारलं, ‘काऊन?’ मी कारणं सांगितली. तिनं ती ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढले. तिसऱ्या दिवशी मी खाल्ले, आणि आता पुण्यात मला त्यांची आठवण येते.

माझं संशोधन जोरात होतं. पारावर बसलेल्यांना मी विचारत सुटले, गरमीत भांडणं वाढतात का हो? वाढतात की, लय वाढतात. अकरा जणांनी हो सांगितलं, मी अकरा नोंदी केल्या. संध्याकाळी त्यांतल्याच एका म्हाताऱ्याला सहज उलटं विचारलं, भांडणं थंडीत जास्त होत असतील ना? तो म्हणाला, थंडीत त इचारूच नोका. पाहुण्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून ही माणसं दिवसभर मला हवं ते देत होती, चहासारखं. मी ती पानं फाडली. गुरुजी समोर होते, पण हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

खरं शास्त्र मला दुसऱ्या पहाटे तलावावर भेटलं, आणि त्याचं नाव डोमाजी. सत्तरी ओलांडलेले, कोहळी घराण्यातले. या घराण्यांनी पिढ्यानपिढ्या इथले तलाव बांधले. हाही त्यांच्या खापरपणजोबांचा. ते पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून खाली उतरले, पाण्यात मनगटापर्यंत हात घातला, मग तोच हात वर हवेत धरला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘पाऊस गेला.’

मी लगेच उष्णतामापक काढला. पाणी हवेपेक्षा चांगलं चार-पाच अंशांनी गरम. मग माझं मलाच उमगलं: आभाळ मोकळं झालं की जमिनीची ऊब रात्रीत उडून जाते, हवा गार पडते, पाणी मात्र ऊब धरून ठेवतं. हाताला पाणी कोमट लागलं, म्हणजे ढग गेले. हे मी वर्गात शिकवते, पण हात घालून कधी पाहिलं नव्हतं. नंतर सखूबाईनं बाकीचं दाखवलं. गवतावर दहिवरानं भिजलेली कोळ्याची जाळी, फुललेलं कासाचं गवत, पाळीवर शेपूट हलवत उतरलेले परीट पक्षी, आणि बेडकांची बंद पडलेली शाळा. हस्ताचा पाऊस यंदा आलाच नव्हता. आता येणारही नव्हता.

‘मंग पानी सोडाले पायजे,’ ती म्हणाली.

तलावाच्या पाळीच्या पोटात दगडी बांधणीचा एक उभा हौद असतो, त्याला तुडूम म्हणतात. त्याला वरपासून खालपर्यंत भोकं, आणि प्रत्येकात लाकडी डट्टा ठोकलेला. डट्टा ओढला की पाणी पाटात, पाटातून बांध्यांत. तलाव काठोकाठ होता. तुडमाला कुलूप नव्हतं, पहारा नव्हता. जांभळीच्या खोडावर एक कागद ठोकलेला, एवढंच. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. तलाव आता सरकारी. आणि कागद म्हणत होता की दिवाळीनंतर हुकूम येईल, त्याआधी कोणी तुडूम उघडू नये.

दिवाळीला सतरा दिवस होते. हलकं धान भरत आलं होतं, त्याला चिंता नव्हती. पण सखूबाईच्या चारही बांध्यांत भारी धान, उशिरा येणारं, आणि तिच्या बांध्या पाटाच्या अगदी शेवटाला. तिनं मला धानाचं एक ताट चिरून दाखवलं. आत पोटरीत, म्हणजे पानाच्या फुगीर वेष्टणात, लोंबी मिटून बसलेली, पांढरी, मऊ. ‘पोटुशी बाईले कोनी तहानी ठेवते का?’ म्हणाली. आठ दिवसांत पाणी मिळालं नाही तर दाणा भरणार नाही, हे तिनं हवेतल्या उन्हाइतक्या सरळपणानं सांगितलं.

आता माझ्या संतापाला ऊत आला. कारण रोज सकाळी गावातली चाळीसएक माणसं पाळीवर येत, भरल्या तलावाकडे बघत, सुकत्या बांध्यांकडे बघत, एकमेकांकडे बघत, आणि घरी जात. डोमाजीही येत, पाण्यात हात घालत आणि जात. प्रत्येकजण पाहायचा की बाकीचे हलत नाहीत, आणि त्यावरून ठरवायचा की हलायचं नसावं. मी पाळीवर उभी राहून हे सगळं वहीत उतरवत होते. फार मोलाचं निरीक्षण आहे असं वाटत होतं.

सखूबाई शेजारी येऊन उभी राहिली. ‘बाई, काय लिहून राहिल्या?’

मी सांगितलं, माणसं कशी वाट बघत राहतात ते लिहितेय.

‘मंग आमचा एक कागद लिहून द्या,’ ती म्हणाली. ‘आमी समद्यायनं सांगितला म्हनून डोमाजीनं तुडूम खोलला, असा. खाली तुमी सही करजा, आमी अंगठे देतो.’

मी तिला समजावलं. अगदी वर्गात समजावते तशी. असल्या कागदाला कायद्यात काडीची किंमत नसते, रीतसर कचेरीत अर्ज केला पाहिजे, मी स्वतः जाते, शिकलेल्या बाईचं ते ऐकतील. मी बोलले ते खोटं नव्हतं. पण माझी शाळा सरकारी मदतीवर चालते, आणि हुकूम मोडल्याच्या कागदावर माझं नाव गेलं तर काय, हे माझ्या मनात सगळ्यांत आधी आलं होतं आणि मी ते शेवटपर्यंत बोलले नाही.

पुन्हा गोंदिया

या चार दिवसांबद्दल जितकं कमी लिहीन तितकं माझ्या रक्तदाबाला बरं. पहिला दिवस जाण्यात. दुसऱ्या दिवशी तलावांचे ओव्हरसिअर दौऱ्यावर. तिसऱ्या दिवशी दुपारी ते टेबलामागे सापडले, पान लावत होते. मी उष्णतामापकापासून पोटरीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘बहनजी, पानी कहीं भागा जा रहा है क्या? लिखकर दीजिए, दिवाली के बाद देखेंगे.’

तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, दिवाळीनंतरच का? तर म्हणे दुसऱ्या भागात तसंच करतात, वेळापत्रक एक आहे. तिथे धान कोणतं, तिथे पाऊस कधी गेला, काही नाही. या माणसाच्या डोक्यात बारा महिने एकच ऋतू होता, आणि तो कचेरीचा होता. मी अर्ज लिहिला. त्यानं तो वजनाखाली ठेवला. त्या वजनाखाली आधीचे अर्ज इतके होते की वजन कलंडत होतं. चौथ्या दिवशी परतले ती वाटभर एकटीच भांडत.

पाळीवर

परत आल्यावर मी पाहिलं तर बांध्यांत बोट जाईल अशा भेगा. सखूबाई माझ्यासाठी अंघोळीचं पाणी तापवू लागली. तिची ती सरबराई मला सोसवेना. दुसऱ्या सकाळी मी तडक डोमाजींच्या अंगणात गेले आणि त्यांच्यावर तोंड सोडलं. वयाचा मुलाहिजा ठेवला नाही. तुमच्या खापरपणजोबांनी तलाव बांधला, तुम्हाला पाण्याची भाषा कळते, आणि तुम्ही हात धुऊन घरी जाता? एवढा कसला ताठा? गाव मरू द्यायचं का?

डोमाजी दोरी वळत होते. त्यांनी ती पुरी केली. मग त्यांनी मला गेल्या वर्षीची हकीगत सांगितली.

इथली रीत अशी, की पाऊस गेला हे डोमाजींनी सांगायचं, मग गावानं त्यांच्या हातावर सुपारी ठेवून ‘खोला’ म्हणायचं, आणि मगच त्यांनी पहिला डट्टा ओढायचा. सुपारी दिली म्हणजे बोल गावाचा, हात तेवढा त्यांचा. गेल्या वर्षीही कागद ठोकलेला होता. तरी गावानं सुपारी दिली, यांनी डट्टा ओढला, सगळ्यांचं धान पिकलं. मग ओव्हरसिअर आले. त्यांनी या म्हाताऱ्याला शाळेच्या अंगणात उन्हात बसवून ठेवलं आणि गावाला विचारलं, याला कोणी सांगितलं होतं? एकानंही तोंड उघडलं नाही. शाळेच्या दारात तुळशीराम गुरुजी उभे होते, तेही बोलले नाहीत.

‘सुपारी देतानी धा हात होते, बाई,’ डोमाजी म्हणाले. ‘साहेब आला त एकबी हात नाई दिसला.’

मी तिथून उठले. आता राग कोणावर करायचा तेच कळेना, इतकी माणसं झाली होती. सुपारी कोणी देत नव्हतं ते धाकानं नव्हे, लाजेनं. गेल्या वर्षी ज्याला एकटं पाडलं त्याच्या हातावर यंदा पुन्हा सुपारी ठेवायची कोणत्या तोंडानं? म्हणून चाळीस माणसं रोज पाळीवर येत होती आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. आणि सखूबाईला हे सगळं ठाऊक होतं. म्हणून तिला कागद हवा होता. कायद्यासाठी नाही, डोमाजींसाठी. साहेब पुन्हा आला तर हात दिसावेत म्हणून. आणि मी तिला कायदा शिकवला होता!

घरी गेले आणि कागद लिहिला. पाच ओळी. त्यासाठी मी सहा दिवस घालवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर नेहमीप्रमाणे सगळे जमले. सखूबाई पुढे झाली, डोमाजींच्या पाया पडली आणि त्यांच्या हातावर सुपारी ठेवली.

‘मामाजी, म्या सांगतो, तुडूम खोला,’ ती म्हणाली. ‘कोनी विचारला त पयला माझा नाव सांगजा.’

मग ती वळली आणि कागदावर अंगठा उठवला. शाई गुरुजींनी शाळेतून आणली होती. कागद गुरुजींपुढे आला. त्यांची नोकरी माझ्याहून कच्ची, घरात खाणारी पाच तोंडं. त्यांनी खाली बसून, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली आणि डोमाजींकडे बघितलं. डोमाजी तलावाकडे बघत होते.

मग गुरुजी माझ्याकडे बघू लागले; सगळेच बघू लागले. लेखणी माझी होती, कागद माझ्या अक्षरात होता. आणि मी, आठवडाभर सगळ्या गावावर, कचेरीवर, एका म्हाताऱ्यावर तोंडसुख घेणारी मी, म्हणाले, ‘आधी गावकऱ्यांचं होऊ द्या, मी बाहेरची.’ कोणाला ते खटकलंही नाही. रीतीचंच वाटलं. एक एक अंगठा उठत गेला. दहा झाले, बारा झाले, आता गर्दीत माझं नाव दिसणार नाही इतके झाले, तेव्हा मी सही केली. तेरावी. मोजून सांगते, कारण मी त्या वेळीही मोजत होते.

डोमाजींनी डोक्याचं फडकं सोडून पाळीवर ठेवलं, धोतराचा काच्या मारला आणि पाण्यात उतरले. तुडमाशी जाऊन त्यांनी बुडी मारली. वर आले तेव्हा हातात काळा पडलेला डट्टा होता. पाळीच्या पोटातून गडगड ऐकू आली आणि पलीकडे पाटात पाणी आलं, आधी गढूळ, मग स्वच्छ. माणसं फावडी घेऊन आपापल्या बांधांकडे पळाली. त्या दिवशी गावात एकही सुस्त माणूस मला दिसला नाही.

पाणी वरच्या बांधीपासून खाली जातं, क्रम ठरलेला. सखूबाईचा शेवटचा. मी तिथेही भांडले. हिनं सुपारी दिली, हिला आधी द्या. सखूबाईनंच मला गप्प केलं. तिचं म्हणणं, आज माझ्यासाठी क्रम मोडला तर उद्या माझ्याविरुद्ध मोडतील. पाणी तिच्या पहिल्या बांधीत शिरलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि चौथीत तिसऱ्या दिवशी रात्र पडता पडता. ती पाटाच्या कडेला बसून होती, पाय पाण्यात सोडून. तिनं मला आठ दिवस सांगितले होते. मी बोटांवर मोजलं, तो दहावा होता.

पुण्यात

परत येऊन दोन महिने झाले. गुरुजींचं पाकीट परवा आलं. ओव्हरसिअर आले होते, डोमाजींना बोलावलं होतं. या वेळी डोमाजींच्या मागे सगळं गाव गेलं आणि कागद टेबलावर ठेवला. साहेबांनी अंगठे मोजले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि ‘तोंडी हुकमावरून तुडूम उघडण्यात आले’ असं स्वतःच लिहून फाईल बंद केली. माझं नाव त्यांनी वाचलंसुद्धा नाही. ज्या सहीच्या भीतीनं मी सहा दिवस खाल्ले, तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

धान सगळ्यांचं चांगलं आलं. सखूबाईच्या तीन बांध्या भरल्या. चौथी, अगदी खालची, गेली. पाकिटात कागदाच्या घडीत त्या बांधीतली एक लोंबी होती. दिसायला अगदी ठीक, सोनेरी. मी एक एक दाणा नखानं दाबून पाहिला. सगळा पोचट, एकातही तांदूळ नव्हता.

खाली गुरुजींनी बहिणीचा निरोप लिहिला होता: ‘बाईले सांगजा, हे बी लिहा.’

ते मी लिहिलं आहे.